संगणकाचा कूलर : पारख, निवड आणि जपणूक



शाळेत संगणक आला की त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते, त्यावर कापडी आच्छादन घातले जाते आणि खोलीस कुलूप लागते. इतकी काळजी घेऊनही ते यंत्र दोन-चार वर्षांत ‘आपोआप बंद पडू’ लागते. मग दुरुस्तीस नेण्याचा खर्च, त्यासाठी दरपत्रके आणि शेवटी निर्लेखनाचा प्रस्ताव, असा क्रम ठरलेला असतो. या आजाराचे एक अत्यंत सामान्य कारण म्हणजे उष्णता. त्यावरील उपाय म्हणजे प्रोसेसरवर बसविलेला कूलर होय. तो कसा पारखावा, बदलण्याची वेळ आल्यास कसा निवडावा आणि या निमित्ताने मुलांना विज्ञानाचा कोणता पाठ देता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक अनुभव

सन २०२४ च्या एप्रिल महिन्यात एका द्विशिक्षकी शाळेच्या तपासणीस गेलो असता मुख्याध्यापकांनी निर्लेखनाचा कागद माझ्यापुढे ठेवला. शाळेतील एकुलता एक संगणक अर्ध्या तासात बंद पडतो, अशी त्यांची तक्रार होती. छप्पर पत्र्याचे, वेळ दुपारची. मी शिफारशीची सही करण्याच्या बेतात होतो. तोच सातवीतील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, सकाळच्या शाळेत तो बंद पडत नाही. दुपारी आम्ही अभ्यासाला बसतो तेव्हाच पडतो.”

हे निरीक्षण आम्हा दोघा मोठ्यांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. यंत्र नादुरुस्त असते, तर ते सकाळीही बंद पडले असते. सही मी थांबविली. परंतु येथे माझ्या हातून दुसरी चूक घडली. आतील भाग न उघडताच मी ‘मोठा कूलर आणा’ असा सल्ला दिला. तो आणला गेला. पण इतका उंच निघाला की कॅबिनेटची बाजूची पाटी लागेना. खोके उघडलेले असल्याने दुकानदाराने तो परत घेतला नाही. तो भुर्दंड मी सोसला. अखेर जुना कूलर काढून पाहिला, तेव्हा पंख्याखाली धूळ आणि खडूची भुकटी यांची जाड गादी बसलेली आढळली. ती स्वच्छ केली, नवी पेस्ट लावली आणि त्याच जुन्या कूलरवर संगणक भर दुपारी चालू राहिला. निर्लेखनाचा कागद फाडला गेला. या प्रसंगातून जे शिकलो, तेच पुढे क्रमाने मांडीत आहे.

‘कूलर’ या शब्दाविषयी

आपल्या विदर्भात कूलर म्हटले की वाळ्याच्या टट्ट्यांचा, पाणी झिरपविणारा कूलर डोळ्यांपुढे येतो. त्यात पाण्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते आणि म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा थंड झोत मिळतो. प्रोसेसरवरील हवेचा कूलर या जातीचा नव्हे. तो थंडावा निर्माण करीत नाही. केवळ उष्णता एका ठिकाणाहून उचलून हवेत सोडतो. सबब खोलीतील हवा ४२ अंश असेल, तर कितीही महागडा कूलर बसविला तरी प्रोसेसर ४२ अंशांच्या खाली येणार नाही. हे एक तत्त्व ध्यानात राहिले, तर निम्मी फसवणूक टळते.

पाण्याच्या कूलरचा झोत थेट संगणकावर सोडू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. खोली थंड होणे हिताचे आहे. पाण्याचे तुषार यंत्रात जाणे मात्र घातक आहे.

उष्णतेचा प्रवास

प्रोसेसर जितकी वीज घेतो, तितक्या सर्व विजेची अखेर उष्णता होते. जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याला पेटलेला असताना हात लावणे अशक्य असे. तेवढीच उष्णता प्रोसेसरमधील नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर पडू शकते. ती चार टप्प्यांनी प्रवास करते.

पहिला टप्पा : प्रोसेसरचे झाकण व कूलरचा तळ यांतील सांधा. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. परंतु त्यांत सूक्ष्म खळगे असतात व त्या खळग्यांत हवा राहते. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक होय. ते खळगे भरून काढण्यासाठी मध्ये पेस्ट लावतात.

दुसरा टप्पा : धातूमधून वहन. तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे पावणेदोन पट आहे. म्हणून चांगल्या कूलरचा तळ किंवा नळ्या तांब्याच्या असतात, तर पाती हलक्या व स्वस्त ॲल्युमिनियमची असतात.

तिसरा टप्पा : उष्णतानलिका. मनोऱ्यासारख्या उंच कूलरमध्ये तांब्याच्या बंद नळ्या दिसतात. त्या भरीव नसतात. आत अत्यल्प पाणी असून दाब कमी असल्याने ते कमी तापमानालाच उकळते. तापलेल्या टोकाशी वाफ होते, पात्यांच्या टोकाशी ती थिजून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून तळाकडे परतते. या युक्तीचे पेटंट १९४४ साली अमेरिकेत रिचर्ड गॉगलर यांना मिळाले होते. पुढे १९६३ मध्ये लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती प्रत्यक्ष सिद्ध केली. म्हणजे आपल्या वाळ्याच्या कूलरमधील बाष्पीभवन येथेही आहे. फरक इतकाच की येथे ते बंद नळीत फिरत राहते व पाणी संपत नाही.

चौथा टप्पा : पाती व पंखा. पाती पृष्ठभाग वाढवितात आणि पंखा तापलेली हवा दूर सारून ताजी हवा आणतो. हाच टप्पा धुळीने सर्वांत अधिक बिघडतो.

एक लहान गणित

सहावी-सातवीच्या मुलांना करता येईल असे हे गणित आहे. कूलर एका वॅटमागे प्रोसेसरला आजूबाजूच्या हवेपेक्षा किती अंश अधिक तापू देतो, त्या आकड्यास आपण ‘अडथळा’ म्हणू. मग

प्रोसेसरचे तापमान = कॅबिनेटमधील हवेचे तापमान + (वॅट × अडथळा)

पुढील अंक केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत. प्रोसेसर ६० वॅट घेतो आणि कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा ५ अंश अधिक उष्ण आहे, असे समजू.

धुळीने भरलेला कूलर, अडथळा १.० :
सकाळी खोली २५ अंश; २५ + ५ + ६० = ९० अंश.
दुपारी खोली ४२ अंश; ४२ + ५ + ६० = १०७ अंश.

तोच कूलर स्वच्छ केल्यावर, अडथळा ०.६ :
दुपारी ४२ + ५ + ३६ = ८३ अंश.

मोठा मनोरा-कूलर, अडथळा ०.३ :
दुपारी ४२ + ५ + १८ = ६५ अंश.

बहुतेक प्रोसेसरची सोसण्याची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठताच प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो. तरीही उष्णता वाढत राहिली, तर स्वतःचा बचाव करण्यासाठी संपूर्ण यंत्र बंद करतो. म्हणजे ‘आपोआप बंद पडणे’ हा बहुधा यंत्राचा मृत्यू नसून त्याची सावधगिरी असते. त्या मुलीने पाहिलेला सकाळ-दुपारचा फरक या गणितात स्पष्ट उतरतो. स्वच्छ कूलरने काम भागत असेल, तर मोठ्या कूलरवर पैसा घालण्याचे कारण नाही, हेही त्यातच दिसते.

खरेदीपूर्वी करावयाची तपासणी

नवा कूलर मागविण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात. मुख्य कळ बंद करून व वीजतार काढूनच कॅबिनेट उघडावे. आतील कोणत्याही भागास स्पर्श करण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते.

१. धूळ : मऊ कुंचल्याने व हवेच्या फुंकणीने काढावी. फुंकताना पंखा बोटाने धरून ठेवावा. अन्यथा तो भरधाव फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. हे काम खोलीबाहेर, ओट्यावर करावे.

२. पंखा : यंत्र सुरू केल्यावर तो फिरतो काय, घरघर करतो काय, हे पाहावे. केवळ पंखाच बिघडला असेल, तर पुष्कळदा तेवढाच बदलता येतो.

३. बैठक : अनेक साध्या कूलरना चार कोपऱ्यांत दाबून बसविण्याच्या प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यांपैकी एक जरी निसटली, तरी तळ एका बाजूने उचलला जातो. कूलर हलक्या हाताने हलवून पाहावा. तो डुगडुगता कामा नये.

४. पेस्ट : ती वाळून भुगा झाली असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल व तंतू न सुटणारे कापड यांनी दोन्ही पृष्ठभाग पुसावेत आणि मध्यभागी लहान वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी. अधिक पेस्टने अधिक थंडावा मिळतो, हा समज चुकीचा आहे. कूलर काढताना तो सरळ वर ओढू नये. विशेषतः एएमडीच्या एएम ४ पद्धतीच्या प्रोसेसरला खाली नाजूक पिना असतात व तो कूलरला चिकटून उपटून येण्याचा धोका असतो. यंत्र थोडा वेळ चालवून, मग वीज पूर्ण तोडून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करावा.

५. जागा : संगणक भिंतीस टेकलेला, कापडाने झाकलेला किंवा बंद कपाटात असल्यास कूलरचा काहीही दोष नसतो. यंत्र सुरू करण्यापूर्वी आच्छादन पूर्ण काढावे आणि मागील बाजूस वीतभर अंतर सोडावे.

निवडीचे पाच प्रश्न

एवढे करूनही त्रास राहिला, किंवा कूलर तुटलेला असला, तर नवा घेणे प्राप्त आहे. अशा वेळी दुकानात जाण्यापूर्वी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून न्यावीत.

पहिला प्रश्न : सॉकेट कोणते? प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तीस सॉकेट म्हणतात. इंटेलच्या एलजीए ११५०, ११५१ व १२०० या सॉकेटांभोवतीची भोके एकमेकांपासून ७५ मिलिमीटर अंतरावर असतात. २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० मध्ये हे अंतर ७८ मिलिमीटर झाले. फरक तीनच मिलिमीटरचा. पण तेवढ्याने जुना कूलर नव्या बोर्डावर योग्य पट्टीवाचून बसत नाही. एएमडीच्या एएम ४ सॉकेटसाठीचे अनेक कूलर २०२२ च्या एएम ५ वर चालतात. मात्र ते बोर्डाची मूळची मागील पट्टी वापरणारे असावे लागतात. खोक्यावर आपल्या सॉकेटचे नाव छापलेले असल्यावाचून कूलर घेऊ नये. काही तयार-बनावटीच्या संगणकांत भोके व पंख्याची जोडणी त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीची असते, हेही पाहून घ्यावे.

दुसरा प्रश्न : उष्णता किती? प्रोसेसरच्या माहितीत वॅटचा आकडा दिलेला असतो. एएमडी रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरसाठी तो ६५ वॅट आहे. इंटेल कोअर आय३-१२१०० साठी मूळ आकडा ६० वॅट असून जोराच्या कामात तो ८९ वॅटपर्यंत जातो. उलट कोअर आय९-१३९००के साठी हेच आकडे १२५ व २५३ वॅट आहेत. पहिल्या दोहोंस त्यांच्या खोक्यातून येणारा कूलर सर्वसाधारण हवामानात पुरतो. तिसऱ्याच्या खोक्यात कूलर येतच नाही व त्यास दोन मनोऱ्यांचा भारी कूलर लागतो. शाळेच्या कामास पहिल्या वर्गाचे यंत्र पुरेसे असते. निवड करताना दोन आकड्यांपैकी मोठा आकडा धरावा आणि आपल्याकडील उन्हाळ्यासाठी थोडी अधिक क्षमता ठेवावी.

तिसरा प्रश्न : जागा किती? मी केलेली चूक येथली. १२० मिलिमीटरच्या पंख्याचा मनोरा-कूलर साधारणपणे १५० ते १६५ मिलिमीटर उंच असतो. बोर्डावरील प्रोसेसरच्या पृष्ठभागापासून बाजूच्या पाटीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे आणि कूलर त्याहून निदान पाच मिलिमीटर ठेंगणा असावा. अरुंद कॅबिनेटमध्ये आडव्या, खाली झोत टाकणाऱ्या बुटक्या कूलरवाचून गत्यंतर नसते; मात्र त्यामुळे बोर्डाच्या आजूबाजूच्या भागांसही वारा मिळतो, हा त्याचा लाभ आहे. मनोऱ्याचा पंखा मेमरीच्या पट्ट्यांवर येत नाही ना, हेही पाहावे.

चौथा प्रश्न : पंखा कसा? मोठा पंखा तितकीच हवा सावकाश फिरून ढकलतो, म्हणून आवाज कमी होतो. ज्या खोलीत दोन वर्ग एकदम बसतात, तेथे याचे मोल शिक्षकांस वेगळे सांगावयास नको. चार पिनांची जोडणी असलेला पंखा घ्यावा. बोर्ड त्यास उष्णतेप्रमाणे वेग कमी-अधिक करावयास सांगू शकतो. त्याची तार बोर्डावर ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जागीच जोडावी.

पाचवा प्रश्न : वजन किती? दोन मनोऱ्यांचे मोठे कूलर एक किलोग्रॅमहून अधिक भरतात व ते बोर्डावर आडवे लटकतात. आपल्या शाळा निवडणुकीत मतदान केंद्रे होतात, खोल्या रिकाम्या कराव्या लागतात आणि संगणक या खोलीतून त्या खोलीत जातो. अशा ठिकाणी हलका, स्क्रूने घट्ट बसणारा कूलरच हिताचा.

रंगीत दिव्यांसाठी अधिक पैसे मोजू नयेत. दिव्याने उष्णता जात नाही. पाण्याच्या नळ्यांचे कूलरही बाजारात आहेत. परंतु त्यांत पंप असतो, तो बिघडू शकतो आणि शाळेच्या यंत्रास त्याची गरज नसते. बसविताना तळावरील पारदर्शक कागद काढण्यास विसरू नये. हा कागद तसाच राहिल्याने नवा कूलर निरुपयोगी ठरल्याची उदाहरणे पुष्कळ घडतात. खुंट्या किंवा स्क्रू कर्णरेषेत, समोरासमोरचे कोपरे घेऊन थोडेथोडे आवळावेत.

वर्गपाठ : इयत्ता सातवी

हेतू : वहन, अभिसरण व पृष्ठभाग यांचा उष्णता निघून जाण्याशी असलेला संबंध मुलांना अनुभवाने कळावा.

साहित्य : कोमट-गरम पाणी, सारखे दोन पेले, एक ताट, दोन तापमापके, पुठ्ठा, घड्याळ.

प्रस्तावना : “चहा फार गरम असला तर आजोबा काय करतात?” मुले सांगतील, “बशीत ओततात व फुंकर मारतात.” बशीने पृष्ठभाग वाढतो, फुंकरीने हवा बदलते. कूलरची पाती म्हणजे बशी आणि पंखा म्हणजे फुंकर, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. चहाच्या बाबतीत बाष्पीभवनाचाही वाटा असतो, हे हुशार मूल विचारील. ते मान्य करून फरक समजावून द्यावा.

कृती : दोन पेल्यांत सारखे गरम पाणी घ्यावे. एकास पुठ्ठ्याने वारा घालावा, दुसऱ्यास तसेच ठेवावे. दर तीन मिनिटांनी तापमान फळ्यावर लिहावे. नंतर तितकेच पाणी ताटात ओतून तीच नोंद करावी. गरम पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे.

उपयोजन : शाळेच्या संगणकामागे कागदाची बारीक पट्टी धरून हवा कोठून आत जाते व कोठून बाहेर येते, हे मुलांनी पाहावे. ‘संगणकाची वही’ करून तीत रोजची वेळ, खोलीचे तापमान व यंत्र बंद पडले काय, याची नोंद पाळीने ठेवावी.

स्वाध्याय :
१. खोली ३८ अंश, कॅबिनेटमधील वाढ ५ अंश, प्रोसेसर ६५ वॅट व अडथळा ०.६ असल्यास प्रोसेसरचे तापमान किती?
२. कूलर खोलीपेक्षा थंड का करू शकत नाही?
३. वाळ्याचा कूलर व उष्णतानलिका यांत सारखे काय व वेगळे काय?

समारोप

लहान शाळेत एक संगणक बंद पडणे म्हणजे सबंध वर्गाचे एक वर्ष वाया जाणे होय. ते टाळण्यास मोठी रक्कम नेहमीच लागते असे नाही. वर्षातून दोन वेळा, दिवाळीच्या सुटीनंतर व होळीच्या सुमारास, कूलर स्वच्छ करावा. त्याची तारीख जडसंग्रह नोंदवहीच्या शेऱ्यात लिहावी. खरेदी करणे भागच पडले, तर वरील पाच प्रश्नांची उत्तरे घेऊनच दुकानाची पायरी चढावी. पुढील तपासणीच्या वेळी मी संगणकाच्या वहीची पाने पाहीन. त्या शाळेतील मुलगी आता आठवीस दुसऱ्या गावी गेली. परंतु तिने घालून दिलेला धडा आम्हा सर्वांसाठी आहे. यंत्र निर्लेखित करण्यापूर्वी ते केव्हा बंद पडते, एवढे तरी नीट पाहावे आणि मुलांना विचारावे.